सांधे धरलेले असताना मेडिक्लेमशी कसं लढायचं

"के/सी/ओ आरए सिन्स ५ इयर्स." माझा ६८ हजारांचा क्लेम या एका ओळीवर अडकला होता. आरए म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा आजार, आणि के/सी/ओ म्हणजे नोन केस ऑफ, म्हणजे पेशंटला हा आजार असल्याचं आधीच माहीत आहे. पॉलिसी २०१९ ची, आजाराचं निदान २०२० चं, आणि २०२२ मध्ये इंजेक्शनसाठी ॲडमिट झाले तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून त्रास आहे? मी म्हटलं, बोटं तशी पाच वर्षांपासून दुखतातच. झालं. त्यांनी लिहिलं पाच वर्षं, कंपनीने हिशेब केला की म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून आजार होता आणि बाईने लपवला, आणि क्लेम रिजेक्ट.

मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. कऱ्हाडला राहते, डॉक्टर पुण्याला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, कुकरचं झाकण लावायला मुलाला हाक मारावी लागते. हा आजार बरा होऊन संपत नाही, आटोक्यात ठेवायचा असतो, आणि डायबेटीस, किडनी, थायरॉइड, पार्किन्सन, सगळ्यांचं तसंच. म्हणून इथे जे लिहितेय ते एका ॲडमिशनपुरतं नाही, वर्षानुवर्षं पुरायला हवं असं लिहितेय. मी जे चुकत चुकत शिकले ते तुम्हाला आधीच माहीत असावं एवढीच इच्छा आहे.

आधी फाइल

फाइल सगळ्यांकडे असते, पण बहुतेकांची फाइल म्हणजे मेडिकलच्या पिशवीत कोंबलेले कागद. रिपोर्ट तारखेने लावा, सगळ्यात नवा वर. त्यात दोन कागद असे आहेत की ते प्लास्टिकच्या कव्हरमध्ये वेगळे ठेवायचे आणि मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही. एक, ज्या रिपोर्टवर आजार पहिल्यांदा कळला तो (माझ्या बाबतीत अँटी-सीसीपी ही रक्ताची तपासणी). दोन, त्या वेळच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख आणि सही असलेली. तुमचा आजार कधी सुरू झाला हे उद्या कुणी विचारलं तर तोंडाने सांगून काही उपयोग नाही, हे दोन कागदच बोलतात.

फाइलच्या पहिल्या पानावर एक साधा कागद ठेवा: आजाराचं नाव, निदानाची तारीख, चालू गोळ्या आणि डोस, कशाची ॲलर्जी, आधीची ॲडमिशन्स, डॉक्टरांचं नाव. हा कागद दर तीन महिन्यांनी नवा लिहायचा. गोळ्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून माझ्या कागदावर "फक्त रविवार" असं लाल पेनने लिहिलंय, आणि मेडिकलवाल्याने स्ट्रिपवर "रोज १" लिहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचं. दवाखाना बदलला, नवीन डॉक्टर आले, की असल्या चुका सगळ्यात जास्त होतात.

सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. मेडिकलची बिलं थर्मल कागदावर असतात, सहा महिन्यांत कोरी होतात, त्यामुळे बिल हातात आलं की लगेच फोटो. दुकानदाराकडून पेशंटच्या नावाचं, डॉक्टरांचं नाव आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिलच घ्यायचं, नुसत्या एस्टिमेटच्या चिठोऱ्यावर गप्प बसायचं नाही.

डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

पुण्याला जायला एसटीने तीन-चार तास, मग दोन तास नंबर लागायची वाट, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं. मी सुरुवातीला आत जाऊन "बरं आहे" म्हणायचे आणि बाहेर आल्यावर सगळं आठवायचं. आता घरूनच तीन प्रश्न लिहून नेते, तीनच, सगळ्यात महत्त्वाचा पहिला. आणि त्रास सांगताना "खूप दुखतं" म्हणत नाही, काय करता येत नाही ते सांगते: कणीक मळता येत नाही, बटण लावता येत नाही, सकाळचं आखडणं पाऊण तासावरून दीड तासावर गेलं. डॉक्टरांना औषध वाढवायचं की नाही हे यावरून कळतं. शिवाय तेच त्यांच्या नोट्समध्ये जातं आणि पुढे कंपनीने "ही ट्रीटमेंट गरजेची होती का" विचारलं तर उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

औषधावर लक्ष ठेवायच्या टेस्ट टाळू नका. मेथोट्रेक्सेटला रक्त आणि लिव्हर, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला डोळ्यांची तपासणी. दुखत नाही म्हणून टेस्ट पुढे ढकलायची सवय मलाही होती.

पॉलिसी वाचायची म्हणजे नेमकं काय शोधायचं

चाळीस पानं कुणी वाचत नाही, आणि एजंट सांगतो ते विकण्यापुरतं असतं. एक दुपार काढा, पेन्सिल घ्या, आणि एवढंच शोधा.

पहिलं, आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचे पैसे मिळायला किती थांबावं लागतं. एप्रिल २०२४ पासूनच्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने, आधी ४८ होता. आणि "आधीपासूनचा आजार" म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर त्यांनी उपचार सांगितला किंवा दिला तो. नुसतं दुखणं म्हणजे निदान झालेला आजार नाही. माझा सगळा लढा याच व्याख्येवर जिंकला.

दुसरं, मोरेटोरियम. पॉलिसी न चुकता सलग ६० महिने चालू असेल तर त्यानंतर "तुम्ही माहिती लपवली" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. मध्येच कव्हर वाढवलं असेल तर वाढलेल्या रकमेचे ६० महिने तेव्हापासून मोजतात. म्हणून जुनाट आजारवाल्याने काय वाट्टेल ते झालं तरी रिन्यूअल चुकवायचं नाही. आधी क्लेम घेतला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही, हेही लक्षात ठेवा, कारण फोनवर लोक घाबरवतात.

तिसरं, रूम रेंट, आणि याचा फटका लोकांना कळेपर्यंत बिल भरून झालेलं असतं. समजा ५ लाखांची पॉलिसी, रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. तुम्ही ८ हजारांची रूम घेतली. वाटतं की दिवसाला ३ हजार आपले जातील. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असले रूमशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे ८० हजारांच्या अशा बिलाचे ५० हजारच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर मात्र अशी कपात लावता येत नाही, लावली असेल तर भांडा. ॲडमिट होताना "मॅडम, डीलक्सच रिकामी आहे" म्हणाले तर माझ्या मर्यादेतली रूम उपलब्ध नसल्याचं लिहून द्या म्हणायचं.

बाकी को-पे (बिलातला आपण भरायचा हिस्सा) किती, उपचारवार मर्यादा कुठल्या, ग्लोव्हज-डायपर-मास्क अशा वस्तूंचे पैसे मिळतात का (बहुधा नाही, त्यासाठी जादा पैसे भरून वेगळा रायडर घ्यावा लागतो), आणि ॲडमिशनच्या आधीचे-नंतरचे किती दिवस धरतात. साधारण ३० आणि ६० असतात, पण आपल्या पॉलिसीत बघा. माझ्या पुढच्या साठ दिवसांच्या तपासण्या आणि गोळ्या या कलमात बसतात हे मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही, ते पैसे गेले ते गेलेच.

आणि नवीन पॉलिसी घेताना आजार लपवू नका. प्रीमियम वाढेल, तीन वर्षं थांबावं लागेल, कदाचित नकारही येईल, तरी सांगा. एजंट "लिहू नका, कोण बघतंय" म्हणाला तर फॉर्मवर सही तुमची असते, त्याची नसते. नवीन पॉलिसी आल्यावर ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करता येते, त्यात आपला प्रपोजल फॉर्म (पॉलिसी घेताना भरलेला) काढून तपासा, कारण भरणाऱ्याने सगळीकडे "नाही" टिक केलेलं असतं.

ॲडमिट होताना: ती एक ओळ

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांवर मी राग धरत नाही, रात्री दोन वाजता वीस पेशंट बघत असतात बिचारे. पण ते जे लिहितात ते इंडोर केस पेपरवर कायमचं बसतं आणि कंपनी तोच कागद मागवते. म्हणून हिस्टरी सांगताना दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या. "निदान ऑगस्ट २०२० ला झालं, हा रिपोर्ट. त्याआधी अधूनमधून बोटं दुखायची, त्यासाठी डॉक्टरांकडे गेले नव्हते." अर्थात खरं असेल तेच. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कारण पेशंटला बोलता येत नसेल तेव्हा हिस्टरी नणंद नाहीतर जावई सांगतो आणि अंदाजाने "दहा-बारा वर्षं झाली असतील" म्हणून मोकळा होतो. लिहून झालं की नम्रपणे विचारायचं, डॉक्टर, एकदा वाचून दाखवता का? मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

डिस्चार्ज समरीचंही तसंच. घाईत घेऊन निघू नका. नाव, वय, तारखा, आजार कधीपासून, आणि ॲडमिट का करावं लागलं हे वाचा. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आमवातात रिटुक्सिमॅब सलाइनमधून देतात, पाच-सहा तास लागतात, रिॲक्शन येऊ शकते म्हणून मॉनिटर लावून बसवतात. कंपन्या म्हणतात, २४ तास ॲडमिट नव्हता, ओपीडीत झालं असतं. पण मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं (रिटुक्सिमॅब त्यातलंच) ही आयआरडीएआयने २०१९ मध्ये काढलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत आणि त्या यादीतले उपचार सरसकट वगळता येत नाहीत, फार तर मर्यादा घालता येते. म्हणून समरीत "निरीक्षणाखाली देणं आवश्यक" असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. डायलिसिस आणि केमोलाही २४ तासांची अट नसते, ते डे-केअरमध्ये धरतात.

कॅशलेसचं, म्हणजे कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्याचं, थोडक्यात. ठरलेली ॲडमिशन असेल तर दोन-तीन दिवस आधी हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कला (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) कागद द्या. मे २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसला होकार-नकार एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. डेस्कवर हे शांतपणे बोलून दाखवलं की फाइल हलते असा माझा अनुभव आहे. बिल सविस्तर मागा. फाइलच्या नकला मागायचा हक्क तुमचा आहे, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला लागतात.

रिइम्बर्समेंट असेल, म्हणजे बिल आधी आपण भरून मग पैसे मागायचे असतील, तर कागद द्यायला साधारण डिस्चार्जपासून ३० दिवस मिळतात, पॉलिसीत बघून घ्या. इथे माझा वेगळाच घोळ झाला. क्लेम फॉर्मवर सही करताना बोटं सुजलेली होती, पेन धरवत नव्हतं, सही वाकडी आली, आणि कंपनीने क्वेरी काढली की सही जुळत नाही. आजारासाठी क्लेम आणि आजारामुळेच सही चुकली, त्या दिवशी मला रडू आलं. आता मी सही दुपारी करते, हात मोकळे झाल्यावर, आणि बँकेत नवीन सही नोंदवून घेतलीये. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी हे आधीच करून ठेवा.

रिजेक्ट झाल्यावर

पहिले दोन दिवस काही करू नका, रागात लिहिलेला मेल उपयोगाचा नसतो. मग पत्र काढून बघा, कुठलं कलम लावलंय. कारण पॉलिसीच्या नेमक्या अटीवर बोट ठेवून द्यावं लागतं, फोनवर "नियमात बसत नाही" म्हणून भागत नाही. आणि क्लेम नाकारायचा तर तो त्यांच्या रिव्ह्यू कमिटीकडून जावा लागतो, तो गेला होता का हेही विचारा.

मी काय केलं ते सांगते. माझ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दाखला घेतला की पेशंट पहिल्यांदा अमुक तारखेला आली, अमुक रिपोर्टवर निदान झालं, त्याआधी निदान किंवा उपचार झाल्याची नोंद नाही. ॲडमिट होते त्या हॉस्पिटलकडे अर्ज दिला की केस पेपरमध्ये त्रासाचा काळ आजाराचा काळ म्हणून लिहिला गेलाय, दुरुस्तीची नोंद द्या. त्यांनी खाडाखोड करू नये आणि आपणही तसं सांगू नये, वेगळ्या कागदावर सही-शिक्क्यानिशी खुलासा हवा. त्याला तीन फेऱ्या मारल्या. मग पॉलिसीतली व्याख्या जशीच्या तशी उतरवून, खाली दोन तारखा लिहून, एका पानाचा मेल कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला. एकच पान. आजारपणाची कहाणी नाही, तारखा आणि कागद. चार महिने लागले, पैसे आले.

पुढच्या वर्षी परत रिजेक्ट, या वेळी २४ तासांचं कारण, आणि ग्रिव्हन्समधूनही नकार आला. तेव्हा विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्याला ऑफिस आहे, तुमचा भाग कुठे येतो ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, त्यांनी नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की मग लोकपाल, आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. अर्ज ऑनलाइन होतो, माझी सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, मला जेमतेम सात-आठ मिनिटं बोलायला मिळालं, म्हणून मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून समोर भिंतीला चिकटवले होते. निकाल माझ्या बाजूने लागला तरी पॉलिसीतल्या मर्यादेएवढेच मिळाले, सगळे नाही. निकाल लागल्यावर कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो.

मध्ये आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाका, नाहीतर १५५२५५ वर फोन करा. त्यातून निकाल मिळत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते, पण नंबर पडतो आणि त्यांना उत्तर देणं भाग पडतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, दोन वर्षांची मुदत असते, पण तिथे केस चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाही, तेव्हा आधी लोकपाल. प्रत्येक फोननंतर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, काय म्हणाला, आणि लगेच "आपलं आज असं बोलणं झालं" असा दोन ओळींचा मेल.

जे मेडिक्लेम देतच नाही

खरं दुखणं इथे आहे. जुनाट आजारात ॲडमिशन वर्षातून एखादी, पण गोळ्या, टेस्ट, डॉक्टरांची फी महिन्याला, आणि साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी नसते. यावर जे हाताशी आहे ते सगळं वापरायचं, लाजायचं नाही.

डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून गोळ्या घ्या, रोजच्या गोळ्यांमध्ये बराच फरक पडतो, फक्त घटक आणि डोस तोच आहे हे तपासा. घरात कुणाचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर कुटुंबाच्या ओपीडी आणि औषधांचीही सोय होते, कापून घेतात पण वापरत नाही अशी कितीतरी घरं मी बघितलीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीपुरती राहिलेली नाही, पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि डायलिसिस त्यात येतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा डेस्क असतो, आधी तिथे जा, किंवा १५५३८८ ला फोन करा. घरात ७० च्या पुढचं कुणी असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं, बिल हातात पडायच्या आधी.

टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर साठीपुढच्या आई-वडिलांचा मेडिक्लेम नसला तरी त्यांच्या औषधपाण्याचा ५० हजारांपर्यंतचा खर्च ८०डी मध्ये दाखवता येतो, फक्त पैसे रोख दिलेले नकोत. किडनी फेल, कॅन्सर अशा ठरावीक आजारांना ८०डीडीबी वेगळं आहे.

ताकद

हे शेवटी लिहितेय पण मला सगळ्यात उशिरा कळलं. कागदांचा हा सगळा पाठपुरावा दुखत्या शरीराने करायचा असतो आणि आजार ताणाने वाढतो. क्लेमच्या काळात माझे सांधे हमखास भडकायचे. आता मी क्लेमचं काम आठवड्यातून एकच दिवस करते, बुधवारी, अकरा ते एक, बाकी दिवस तो विषय घरात काढायचा नाही. फोनवर थांबायचं काम मुलगा करतो, झेरॉक्स आणि कुरिअर हे करतात. पीठ भिजवायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं, मी मागितलं नव्हतं, पण मागायला हवं होतं. आणि ज्या दिवशी सूज जास्त असेल त्या दिवशी मेल न पाठवल्याने काही बिघडत नाही, मुदत वहीत लिहिलेली असली म्हणजे झालं.

माझं रिन्यूअल मार्चमध्ये असतं. डिसेंबरच्या कॅलेंडरवर खूण केलीये, कारण कंपनी बदलायची तर पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि नवीन कंपनीला रिपोर्ट मागायला, विचार करायला वेळ लागतो. आधीचे भरलेले महिने सोबत जातात. नवीन कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. फाइल देवघराच्या वरच्या कप्प्यात असते, हे घरात तिघांनाही माहीत आहे, आणि कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पॉलिसी नंबर आणि टीपीएचा फोन नंबर चिकटवलाय.